पाण्याखालच्या गावात पायी

मी निघाले त्या सकाळी आमच्या वसाहतीतल्या एकाही माणसाने मला ‘कुठे चाललीस’ असं विचारलं नाही. जीप अंगणाशी उभी होती, दोन बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या, गल्लीतली सगळी माणसं जमली होती आणि जो तो एकच विचारत होता, “लांब निघालीस व्हय?” निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारलं की त्याच्या कामात खोडा पडतो, असं आमच्याकडे मानतात. आई तर याबाबतीत भलतीच कडक. लहानपणी मी एकदा शेजारच्या काकांना अंगणातून ओरडून ‘काका, कुठं?’ विचारलं, तर तिने मला एक धपाटा घातला आणि काकांना परत बोलावून, पाणी पाजून, पुन्हा नव्याने निघायला लावलं. त्यामुळे त्या सकाळी माझ्या तळहातावर दही पडलं, डोक्यावरून हात फिरले, पण नेदरलँड्स हा शब्द कोणाच्याही तोंडी आला नाही. तसा तो कोणाला धड म्हणताही आला नसता, हा भाग वेगळा.

माझे वडील, अण्णा, जीपच्या मागच्या बाजूला उभे राहून बॅगांचा दोर ओढून बघत होते. रडणं नाही, उपदेश नाही. एवढंच म्हणाले, “मागं काय ऱ्हायलं न्हाई न्हवं?” मी नाही म्हटलं. त्यांनी दोर पुन्हा एकदा ओढून पाहिला.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. आईही गेली. मी बेस्ट नावाच्या गावात राहते, आइंडहोवनच्या शेजारी, आणि एका चिप बनवणाऱ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर डोकं घालते. माझ्यासारखे इथे आलेले बरेच जण हे वाचतील, त्यांना काही वेगळं सांगायला नको. पर्मनंट रेसिडन्सी, घराचं कर्ज, मुलाचं डच, आपलं मराठी, आणि दोन्हीच्या मध्ये लोंबकळणारा रविवारचा फोन. तिकडे राहिलेल्यांना मात्र सांगायला हवं, की इथे कोणी ‘तू मूळची कुठली’ असं विचारलं, की मी आजवर पुण्याची म्हणून मोकळी होत असे. पुण्यात मी चार वर्षं कॉलेजला होते, तेवढाच काय तो संबंध.

खरं म्हणजे मी धरणग्रस्तांच्या वसाहतीत जन्मले. शासनाने माळावर आखून दिलेल्या सरळ गल्ल्या, सगळे प्लॉट सारखे, सगळी घरं एका तोंडाची. आसपासच्या गावांतले लोक आम्हाला ‘धरणवाले’ म्हणायचे, म्हणजे जणू धरण आम्हीच बांधलं होतं. आमचं जुनं गाव माझ्या जन्माआधीच पाण्याखाली गेलं. आई लग्न होऊन वसाहतीतच आली, तिने ते पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं अण्णांनी, आणि अण्णा त्याबद्दल बोलत नसत. विचारलं तर म्हणायचे, “झालं गेलं. कशाला काढतीस?” आणि उठून गोठ्यात जायचे.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ऑफिसची सहल एका पोल्डरवर गेली होती. पोल्डर म्हणजे समुद्र हटवून काढलेली जमीन. गाइड मोठ्या अभिमानाने सांगत होता, की तुम्ही उभे आहात तिथे पूर्वी मासे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बसमध्ये बसल्यावर मात्र मी खिडकीतून त्या जमिनीकडे बघत राहिले. आमच्या गावात आता मासे आहेत, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी कामासाठी आठवडाभर केप टाउनला जावं लागलं. शनिवार मोकळा होता. सहकारी द्राक्षमळे बघायला गेले आणि मी एका टाउनशिपमध्ये, म्हणजे गोऱ्या सरकारने काळ्या लोकांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्तीत, पायी फिरण्याचं बुकिंग केलं. फार उदात्त विचार वगैरे नव्हता. वाइन मला सोसत नाही, हे खरं कारण. बुकिंग केलेल्या बाकीच्यांनी आयत्या वेळी पाठ फिरवल्यामुळे त्या दिवशी मी एकटीच निघाले. वाटाडी होती लुलामा नावाची तिशीतली बाई, त्याच वस्तीत वाढलेली, चालायला भरभर आणि बोलायला फटकळ. तिने सुरुवातीलाच मला बजावलं, “फोटो विचारून काढायचा. ही माणसं आहेत, देखावा नाही.” मी फोन पर्समध्ये टाकला तो टाकलाच.

पहिल्या वळणावरच माझे पाय थबकले. सरळ गल्ल्या. एका मापाची घरं, दारांवर रंगवलेले नंबर. कोपऱ्यावर नळ, नळाशी बादल्या आणि बादल्यांशेजारी भांडण. कोणी पुढे पत्र्याची खोली वाढवलेली, कोणी मागे. रस्त्यावर मेंढीची मुंडकी भाजत होती, एका जुन्या कंटेनरमध्ये केशकर्तनालय चाललं होतं, यातलं काही आमच्याकडे नव्हतं. तरी पुढच्या वळणानंतर काय असणार हे मला आधीच कळत होतं: तिथे शाळा असणार, शाळेमागे कोणाच्याच मालकीची नसलेली मोकळी जागा असणार, आणि तिथे शेळ्या असणार. तसंच होतं. नकाशावर पट्टी ठेवून वसवलेली गावं जगात कुठेही सारखीच दिसतात, हे मला आज समजतं. त्या क्षणी मात्र वाटलं, की आता आई एखाद्या दारातून बाहेर येईल आणि हाक मारील.

त्या भुलीतच माझ्या हातून ती चूक झाली. एक खूप म्हातारी बाई पिशवी घेऊन फाटकातून बाहेर पडत होती. लुलामाने तिला हात केला. मला वाटलं, आपणही काही बोलावं. इंग्रजी तिला येईल न येईल, पण इथली आफ्रिकान्स भाषा डचला जवळची, असं मी ऐकून होते, आणि माझ्या डचचा मला जरा गर्व आहे. मी हसून विचारलं, “वार खाट यू हेन?” म्हणजे, कुठे निघालात? डचच्या वर्गात अगदी सुरुवातीला शिकवतात ते वाक्य.

म्हातारी जागच्या जागी थांबली. पिशवी तिने सावकाश जमिनीवर ठेवली. मान खाली घातली आणि तिचा उजवा हात झग्याच्या गळ्यातून छातीशी गेला, काहीतरी शोधायला लागला. आत काहीच नव्हतं. तरी हात शोधत राहिला.

लुलामा धावत गेली, तिच्या भाषेत काहीबाही बोलली, तिचा तो हात हातात घेऊन थोपटत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “गोऱ्यांच्या राज्यात पोलीस रस्त्यात अडवून हेच विचारायचे. जवळजवळ याच शब्दांत. गळ्यात शहरात फिरायच्या परवान्याचा पास नसला, तर गाडीत घालून न्यायचे. ही दोनदा गेली आहे.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी इंग्रजीत माफी मागितली, हात जोडले. म्हातारीने मला नीट न्याहाळलं आणि मग चक्क हसली. तिचं बोलणं लुलामाने मला सांगितलं, “ती म्हणते, चर्चमध्ये चालले आहे. आणि या पोरीला सांग, घाबरू नकोस.” म्हणजे धीर तीच मला देत होती. ज्या शब्दासाठी मी आईचा धपाटा खाल्ला होता, तो मी पैसे भरून, परीक्षा देऊन दुसऱ्या भाषेत शिकून आले होते आणि नको त्या बाईवर नेऊन टाकला होता. आईला तो शब्द का सोसत नव्हता, ते मला ठाऊक नाही. पण जिला रस्त्यात हे विचारलं गेलं, तिचा हात कुठे जातो, ते मी पाहिलं.

वस्तीच्या टोकाला लुलामा थांबली आणि दूर डोंगराच्या बाजूला बोट दाखवून म्हणाली, तिची आजी मुळात तिकडची. तिथून सगळ्यांना उठवून इथे आणलं. आता तिथे नुसतं गवत आहे. “पण आजीने मला तिथे नेऊन प्रत्येक घर दाखवलंय. गवतात उभी राहून म्हणायची, इथे स्वयंपाकघर, पाय जपून टाक, चूल आहे.” मग तिने सहज मला विचारलं, “तुझं गाव कोणतं?”

पुणे अगदी ओठांवर आलं होतं. मी फोन काढला आणि नकाशात आधी वसाहत दाखवली, मग बोट सरकवत सरकवत जिथे नुसता निळा रंग आहे तिथे थांबले. तिला समजावून सांगावं लागलं नाही. निळ्याकडे बघत तिने विचारलं, “मग तिथे तुला कोण फिरवतं?”

कोणी नाही, असं मी म्हणाले. एक माणूस आहे, पण तो बोलत नाही. त्याची तब्येत बरी नसते. हे सांगताना मला रडू आलं, आणि का आलं तेही तिथेच उभ्या उभ्या कळलं. ते अख्खं गाव आता एकाच म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात उरलं होतं, आणि मी त्या माणसाला दर रविवारी फोन करून गोळ्या घेतल्या का एवढंच विचारत होते.

बेस्टला परतल्यावरच्या रविवारी मी अण्णांना म्हटलं, मला जुनं गाव दाखवा. ते म्हणाले, “येडी का काय तू? पाण्यात काय दावू?” आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, तेव्हा गारठा किती आहे, पोरगा मराठी बोलतो का, यावर त्यांनी विषय नेला. त्याच्या पुढच्या रविवारी मी काही विचारायच्या आतच पलीकडून आवाज आला.

“पायात काय हाय का?”

“का हो अण्णा?”

“गाव बघायचंय म्हणालीस न्हवं? अनवाणी येतीस व्हय? लई काटं हायती वड्याला.”

मी बूट घातले आणि फोन कानाला लावून घराबाहेर पडले. आमच्या घरापासून कालवा जवळच आहे. त्याच्या काठाकाठाने मी चालत राहिले आणि अण्णा मला ओढ्यातून वर घेऊन गेले. डाव्या हाताला सुताराचं घर, उजवीकडे दुकान, पुढे चिंच. ते आठवून सांगत नव्हते, बघून सांगत होते. “थांब जरा, म्हसरं चाललीत, जाऊंदेत,” म्हणाले तेव्हा मी खरोखरच थांबले. मग म्हणाले, “भागामावशी बसलीय उंबऱ्यात. तिला नमस्कार कर, न्हायतर बोल लावंल.” मी मोठ्याने ‘नमस्कार मावशी’ म्हटलं. सायकलवरून चाललेल्या एका डच आजोबांना ते आपल्यालाच वाटलं, त्यांनीही हात वर करून मला सुप्रभात म्हटलं. भागामावशी कोण, हे मी विचारलं नाही. ती वसाहतीत आलीच नव्हती, एवढं मला माहीत होतं. पाणी चढायच्या आदल्या साली ती तिथेच वारली.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही चालतो. बाथरूमपर्यंत जाताना अण्णांना आता धाप लागते, पण गावात ते माझ्या पुढे असतात. जी माणसं मी कधी पाहिली नाहीत, त्यांच्या अंगणांतून मी जाते. काही वेळा रात्री डोळे मिटले की त्या गल्ल्या दिसतात आणि त्यांत कोणाचाच आवाज नसतो, तेव्हा भीती वाटते. मागच्या महिन्यात दुकान डावीकडे गेलं आणि सुतार उजवीकडे आला. मी त्यांच्या मागून तशीच चालत गेले. अण्णा चालायचे थांबले की हे गाव दुसऱ्यांदा बुडणार आहे, आणि त्या वेळी आत मी एकटी असणार आहे. आता कोणी मूळची कुठली म्हणून विचारलं, तर मी त्या गावाचं नाव सांगते. ऐकणाऱ्याला नकाशात ते सापडत नाही. न सापडो.

एकच गोष्ट अण्णा करत नव्हते. पारापाशी आलं की ते कायम उजवीकडे वळायचे. आमचं घर डावीकडे, एवढं मला बोलण्यावरून कळलं होतं. गेल्या रविवारी पारापाशी ते बराच वेळ गप्प राहिले. फोन कट झाला की काय, असं मला वाटलं. मग श्वास ऐकू आला.

“आलं बग घर.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “दार लावलंय का अण्णा?”

“दार कुठलं? दार आणलं न्हवं का काढून. आपल्या हितल्या घराला हाय त्येच.” मी लहानपणापासून आत-बाहेर केलेलं दार. मला कोणी सांगितलंच नव्हतं. “चौकट दगडाची, ती निघंना, मग ऱ्हायली तिथंच. तवापासनं उघडंच हाय बग घर.” मग ते हळूच म्हणाले, “ये आत. वाकून ये गं, ठेंगणी हाय चौकट, कपाळ आपटंल.”

आणि कालव्याच्या काठावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी वाकले.