लाल टाक्यांची घार

पहाटे पाचला शालिग्राम उठायचा आणि सहाला बमरोलीच्या एम्ब्रॉयडरी खात्यात, म्हणजे भरतकामाच्या कारखान्यात, मशीन पुसत उभा असायचा. वरून चकचकीत आणि खालून गुंता, असलं काम त्याला उष्ट्या ताटासारखं वाटे.

त्याच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. डिंडोलीतला त्याचा शेजारी बाबुराव हवाई दलाच्या एका स्क्वॉड्रनमध्ये फिटर होता. दोन युद्धं लढलेली स्क्वॉड्रन; विमानं जुनी झाली आणि स्क्वॉड्रनच बंद झाली. आता सगळे शेवटचे एकदा जमणार होते. प्रत्येकाच्या छातीवर सोनेरी घारीचा बिल्ला हवा होता. शालिग्रामच्या शब्दावर बाबुरावनं काम या खात्याला दिलं, नमुना म्हणून स्वतःचा जुना बिल्ला दिला. इंजिन उतरवताना त्यावरच्या घारीचा पंख फाटला होता. सोनेरी दोरा नव्हता, म्हणून बाबुरावनं लाल टाके घातले होते.

"लाल दुरुस्ती माझी," त्यानं बजावलं. "घारीची नाही."

मशीनसाठी डिझाइन करणाऱ्या शुभमला शालिग्रामनं ते सांगितलं. शुभमनं मोबाइलवरून नजर न हलवता मान डोलावली.

बिल्ले निघाले. प्रत्येक घारीचा पंख लाल रेघेनं चिरलेला. टाकेही विरळ, नख लावलं की दोरा सुटे.

"हाई काय शे?" शालिग्रामनं शुभमला विचारलं.

"नमुन्यात होतं तेच केलं, काका," शुभम म्हणाला.

"चालशे, काका!" खात्याचा मालक शेठ हसला. "लाल रेघ भारी दिसते. आणि दोरा वाचवायला टाके मीच कमी करायला लावले. फौजी काय उलटून बघणार?"

"जन्मभर विमानाचे नट तपासणारी माणसं आहेत. उलटूनच बघतील."

"मग रविवारी खातं बंद असतं, तेव्हा करा परत. दोरा, वीज, भाडं तुमचं."

शालिग्रामला किळस आली. शनिवारी निरोपाला शेठनं त्याला शाल-नारळ दिला, फोटो काढला. शालीचा काठ उसवलेला. ती त्यानं मशीन पुसायला खुंटीवर टांगली.

शुभमला दटावून त्यानं डिझाइनमधली लाल रेघ काढून घेतली, टाके दाट करून घेतले. रविवारभर एकटा मशीनवर उभा राहिला.

संध्याकाळी बाबुराव आला, पैसे घ्यायला शेठही. त्यानं शेठला ठरलेले सगळे पैसे दिले. शेठनं ते मोजून खिशात घातले. मग बाबुरावनं एक बिल्ला उचलला, उलटला, नखानं ओढला. दोरा हलला नाही.

"आता हिला उडवायला हरकत नाही," तो म्हणाला.

शालिग्राम बाकीचे बिल्ले पिशवीत भरू लागला. त्याचा शेवटच्या आठवड्याचा पगार सोनेरी दोऱ्यात, विजेत आणि मशीनच्या भाड्यात गेला होता.