बंद लिफाफ्यातला बॉइलिंग पॉइंट

बुधवार, ऑगस्ट. सकाळी सातला ३८ डिग्री, हवा दमट, गाडीच्या काचा बाहेरून घामेजलेल्या.

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या सॉल्व्हंट तपासणाऱ्या लॅबचं स्टोअर मी सांभाळतो. बाटल्यांच्या नोंदीसाठी वही घातली, पण ती माणसांच्या नोंदींनीच भरते. गेल्या तीन महिन्यांची बहुतेक पानं नेहाची.

नेहा पुण्याची केमिस्ट, प्रोबेशनवर. कन्फर्म झाल्याशिवाय कंपनी फॅमिली व्हिसाचं पत्र देत नाही. नवरा आणि चार वर्षांची लेक तिकडेच. लेक रोज फोनवर विचारते, "आई, व्हिसा आला?"

पहिल्याच आठवड्यात तिला बॉइलिंग पॉइंट काढायला ॲसिटोन दिलं. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला तिने थंड पाण्याच्या नळाची नळी जोडली. जून महिना, टाकी गच्चीवर. वाफ थंड होईना, सगळ्या लॅबभर ॲसिटोनचा वास.

"नेहाबाय, उन्हाळ्यात इथे थंड पाणी गरमच्या नळाला येतं," वसईचा सीनियर डिकोस्टा म्हणाला. "गीझर बंद, आत सावलीत."

तिला चेष्टा वाटली. दोन्ही नळांखाली बोट धरलं आणि नळी बदलली.

मग बॉइलिंग चिप्स संपल्या. उकळताना द्रव उसळू नये म्हणून हे खडे टाकतात. नवा माल "इन्शाल्ला उद्या", म्हणजे पुढच्या आठवड्यात. मातीच्या भांड्याचे तुकडेही चालतात, असं डिकोस्टा बोलून गेला. दुपारी मॅनेजर साठेसरांच्या मनीप्लांटची कुंडी दिसेना.

"कुंडी आधीच फुटलेली होती, सर," नेहा म्हणाली.

"आधी म्हणजे कधी?"

"तुकडे करायच्या आधी. चीर होती."

जुलैत तिची रीडिंग रोज अर्धा डिग्री कमी यायला लागली. थर्मामीटर तीनदा बदलून झाला.

"हवेचा दाब बघितलास का?" डिकोस्टाने विचारलं. "उन्हाळ्यात तोही उतरतो. अर्धी लॅब सुट्टीवर इंडियाला गेली, तो बिचारा काय करणार?"

तेव्हापासून ती आधी बॅरोमीटर वाचते आणि कमी दाबाने घटलेल्या आकड्याला करेक्शन लावते.

आज तिची शेवटची टेस्ट. आमच्याकडची पद्धत अशी: साठेसर स्वतः कपाटातून बिनलेबलची बाटली भरतात आणि खरा आकडा बंद लिफाफ्यात बोर्डावर टाचतात. उत्तर अर्ध्या डिग्रीच्या आत आलं तर कन्फर्म.

नेहाने रीडिंग तीनदा घेतलं. करेक्शनसकट ६८.७, तिन्ही वेळा.

सरांनी लिफाफा फोडला. हेप्टेन, ९८.४.

"तीस डिग्रीचा फरक," सर म्हणाले. "कुठलं पाणी जोडलं होतंस?"

डिकोस्टाने तिला बाजूला घेतलं. "चुकलं म्हण आणि खलास. सर दुसरी बाटली देतात, मला दिली होती."

"काय चुकलं म्हणू? तीनदा तेच आलंय."

"अगं, पोरीचा व्हिसा बघ."

"तोच बघतेय," ती म्हणाली, आणि सरांकडे वळली. "सर, माझा आकडा ६८.७. बदलणार नाही. तुम्ही स्वतः करून बघा."

साठेसरांनी डिकोस्टाचा ॲप्रन मागितला. त्यांचा स्वतःचा कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. उरलेला द्रव फ्लास्कमध्ये ओतून ते समोर उभे राहिले. आम्ही तिघे मागे.

साठेसरांचं रीडिंग, करेक्शनसकट: ६८.७. बाटलीतला द्रव: हेक्झेन, खरा आकडा ६८.७, कपाटात हेप्टेनच्या शेजारचा. कन्फर्मेशन लेटरवर सही: दुपारी ३.४०.