कट्ट्यांच्या पलीकडले बाबा

मी संशयी माणूस नाही. मला फक्त कोणाचा भरवसा वाटत नाही.

आमचं तिरोड्याचं घर लांबट आहे, एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आणि वायफायचा डबा, मधली खोली रिकामी आणि मागच्या खोलीत टीव्ही. तेव्हा मी एका शाळेत कारकून होतो आणि शाळेतले दोन कॉम्प्युटर जोडून दिल्यापासून स्वतःला तंत्रज्ञ समजत होतो. त्यामुळे मी एक प्लेअर विकत आणला. तो टीव्हीखाली ठेवायचा, कॉम्प्युटरमधला एक फोल्डर सामायिक करायचा, की तिकडचं चित्र हवेतून इकडे. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं की हेच पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीत खुपसलं तर काय बिघडेल? मी तिला असा प्रश्न पुन्हा विचारू नकोस म्हणालो. (पुढे मी तेही गुपचूप करून पाहिलं. फाईल मोठी आहे म्हणून पेन ड्राइव्हने ती घेतली नाही. हे सुनंदाला अजून माहीत नाही.)

त्या फोल्डरचं नाव होतं ‘बाबा’ आणि त्यात एकच फाईल होती, आमच्या लग्नाची.

बाबांना जाऊन त्या डिसेंबरात वर्ष होणार होतं. ते प्राथमिक शाळेत गुरुजी होते. फोटो ढीगभर, पण हलणारे-बोलणारे बाबा फक्त आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. कॅसेटला बुरशी लागली होती. गोंदियाच्या एका दुकानदाराने ती कशीबशी पुसून तिची फाईल करून दिली आणि कॅसेट तिथेच संपली. आईचं एकच म्हणणं होतं. लग्नात कॅमेरावाल्याने बाबांना पकडलं होतं, तेव्हा ते शेजारच्या बिसेनकाकांशी काहीतरी बोलले होते. बँडच्या गोंगाटात आईला ते ऐकू आलं नव्हतं. पंधरा वर्षं ती बाबांना विचारीत राहिली आणि पंधरा वर्षं बाबा हसून टाळत राहिले.

“काय बोलले ते मले आयकाचं आहे,” ती म्हणाली. “आता इचारू कोनाले?”

मी म्हटलं, बिसेनकाकांना विचार. ती म्हणाली, ते दुसऱ्याच्या तोंडून नको. कॉम्प्युटरवर बघायचं तर पडदा लहान, आईची नजर अधू आणि स्पीकरच्या वायरी कुरतडलेल्या. (उंदराने, असं सगळे म्हणाले. मला संशय सुनंदाचा होता.) आईने एकदा त्या पडद्यावर डोकावून पाहिलं आणि एवढ्याशा डब्यात तुझे बाबा मावत नाहीत म्हणून उठली. मग ठरलं की स्मृतिदिनाला, रविवारी, बुद्धवंदना आणि खीरदान आटोपलं की अर्जुनी मोरगावची मावशी आणि सगळे पाहुणे मिळून मोठ्या टीव्हीवर बाबांना बघायचं. आईने हे फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवलंसुद्धा.

महिनाभर आधी मी चाचणी घेतली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत! दहा मिनिटं मांडव दिसला, मग दूध उतू गेलं आणि आई उठली. मी म्हटलं, बाकीचं त्या दिवशीच बघू. मी निर्धास्त होतो, आणि मी निर्धास्त असलो की काहीतरी घडतंच.

घडलं ते असं. आमच्या तीन एकरांचा धान आला. बाबांच्या वेळेपासून धानाचे कट्टे, म्हणजे भाताची पोती, बाहेरच्या छपरीत, बिसेनकाकांच्या भिंतीला लागून रचायचे आणि आमच्यापैकी कोणी घरी नसलं की काकांनी ध्यान द्यायचं, अशी रीत होती. काका पोस्टातून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, मुलगा नागपुरात. बाबा आणि ते चाळीस वर्षं रोज चार वाजताचा चहा एकत्र प्यायचे. पण त्या वर्षी मला दिसलं की काका रोज येऊन एका कट्ट्यात हात घालतात, मूठभर धान काढतात आणि एक दाणा दाताखाली धरतात. बाकीची मूठ परत कट्ट्यात जाते की धोतराच्या सोग्यात, हे मला खिडकीतून नीट दिसत नव्हतं. आणि जे नीट दिसत नाही, त्याबद्दल माझं मत फार लवकर बनतं.

मी दोन हमाल लावले आणि सगळे कट्टे घरात, मधल्या खोलीत घेतले. काका भिंतीपलीकडून बघत होते.

“बाबू, हा धान ओला आहे गा,” ते म्हणाले. “घरात नोको ठेवू. छपरीत वारा लागते.”

वारा लागते की हात लागते, हे मी मनात म्हणालो. पहिल्या दिवशी कट्टे कमरेपर्यंत रचले गेले, दुसऱ्या दिवशी छतापर्यंत. एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट तेवढी ठेवली. आई त्या फटीतून जाताना रोज माझं नाव घ्यायची, पण प्रेमाने नव्हे.

पहिल्या संध्याकाळी पुन्हा चाचणी घेतली तर चित्र अडखळू लागलं. दुसऱ्या संध्याकाळी टीव्हीवर फक्त एक ओळ, की फोल्डर सापडत नाही. मी वही काढली, दिवस आणि वेळा लिहिल्या. ‘सोमवार, चित्र अडखळले. मंगळवार, चित्र बंद.’ त्याच पानावर वर लिहिलं होतं, ‘सोमवार, अर्धे कट्टे आत. मंगळवार, उरलेले आत.’ दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात एकाखाली एक होत्या आणि मी त्यांच्याकडे बघून विचार करत होतो की हे करतंय तरी कोण?

आधी मी कॉम्प्युटरचं नाव बदललं. मग संरक्षणाची सगळी कुलपं काढली. मग फोल्डर ‘सर्वांना दाखवा’ असा केला आणि त्याखाली आणखी जिथे जिथे खूण करता येत होती, तिथे तिथे केली. गोंदियाच्या त्या दुकानदाराला फोन लावला.

“बीच में कुछ है क्या?” त्याने विचारलं.

“कुछ नहीं, घर है,” मी म्हणालो.

“दीवार मोटी है?”

“दीवार तो पहले से है भाई. पहले तो चलता था.”

तो म्हणाला, मग कोणीतरी तुमचं वायफाय वापरत असेल, जोडलेल्यांची यादी बघा. बस्स, मला हेच ऐकायचं होतं. मी यादी उघडली. एक माझा कॉम्प्युटर, एक माझा प्लेअर, जो धापा टाकत मध्येच यायचा आणि मध्येच जायचा. आणि तिसरा एक अनोळखी! दुपारी चारला यायचा, पाऊण तास भरभरून काहीतरी ओढायचा आणि निघून जायचा.

चार वाजता! तिरोड्यात चार वाजता घरी कोण असतो? निवृत्त माणूस. मागच्याच महिन्यात काकांचा मुलगा नागपूरहून त्यांच्यासाठी मोठा, इंटरनेटवाला टीव्ही ठेवून गेला होता. धानावर हात मारून समाधान झालं नव्हतं, आता वायफायवर आला, असं मी सुनंदाला म्हणालो. ती म्हणाली, आधी ती फट मोठी करा, मग चोर पकडा.

मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी चारला तिसरा हजर. मी आणखी अवघड पासवर्ड ठेवला, त्यात आकडे घातले, सुनंदाच्या माहेरचं गाव घातलं. तिसऱ्या दिवशी चारला तो पुन्हा हजर. आता मात्र माझी झोप उडाली. निवृत्त पोस्टमन एवढा तरबेज? मग शेवग्याच्या शेंगा तोडायचं निमित्त काढून मी चारला काकांच्या भिंतीशी उभा राहिलो. शेंगांचा हंगाम नव्हता. खिडकी बंद होती, आतून बँडचा आवाज येत होता आणि काका एकटेच हसत होते. माझ्या नेटवर सिनेमे बघून हसतात म्हणजे काय?

त्या आठवड्यात काका तीनदा आमच्या दाराशी आले. एकदा मी अंघोळीला गेलो असं सांगवलं, एकदा झोपलो असं सांगवलं, तिसऱ्यांदा कट्ट्यांच्या फटीत उभा राहिलो. ते आईला म्हणाले की बाबूले एक गोष्ट सांगाची होती. आता कबुली द्यायला आला असेल, असं मी फटीतून ऐकत ठरवलं, पण मला आधी पुरावा पाहिजे होता.

रविवार उजाडला. वंदना झाली, खीर वाटली. मावशीसकट चौदा पाहुणे अंग चोरून फटीतून मागच्या खोलीत गेले आणि टीव्हीपुढे सतरंजीवर बसले. आई सगळ्यांत पुढे, चष्मा पुसून. मी बटण दाबलं. फोल्डर सापडत नाही. पुन्हा दाबलं. प्लेअर काढून घातला. पुढच्या खोलीतून कट्ट्यांवरून एक लांब वायर टाकली, ती दोन हात कमी पडली. कॉम्प्युटरच उचलून आणावा म्हटलं, तर तो फटीत अडकला. त्याला सोडवून परत ठेवण्यात वीस मिनिटं गेली आणि घामाने माझा पांढरा सदरा भिजला.

“पमोद,” मावशी म्हणाली, “तुहे बाबा येऊन रायले का नाई?”

कोणी हसलं नाही. आई टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत होती. राहू दे, ती हळूच म्हणाली, आता मी जेवायला वाढते. त्या वेळी मला खरोखर वाईट वाटलं. वर्षभर तिने काही मागितलं नव्हतं. एकच गोष्ट मागितली, आणि ती माझ्याच घरात, पंचवीस फुटांवर पडून होती.

तेवढ्यात बिसेनकाका आले. फटीपलीकडून त्यांनी विचारलं, काय झालं. कोणीतरी सांगितलं की बाबा दिसत नाहीत.

“काऊन दिसत नाई?” काका म्हणाले. “माह्या घरी त रोज दिसतेत गुरुजी.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतके दिवस घोकलेलं भाषण ओठांवर आणलं. “म्हणजे तुम्हीच! पण पासवर्ड कसा...”

“मी देल्ली,” आई म्हणाली. “त्याहिचा पोरगा नागपूरवरून दिसते टीव्हीत, म्हून मांगत होते. तू बदलवला, मी अखीन सांगतली.”

पासवर्ड आईच्या औषधांच्या डब्याला मीच चिकटवला होता, विसरू नये म्हणून.

काका माझ्याकडे वळले. “टीव्ही सुरू केलो त नाव दिसलं, बाबा. दाबलो त गुरुजी! मले वाटलं, बाबूनं मुद्दाम पाठवला. म्हाताऱ्याचा चार वाजताचा चहा एकट्यानं होत नाई म्हून. तीनदा येऊन गेलो तुले सांगाले.”

‘सर्वांना दाखवा’ अशी खूण मीच केली होती, पण ते सर्व कोण असतील याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

चौदा पाहुणे, आई, सुनंदा आणि मी काकांच्या घरी गेलो. काकांनी आईला बाबांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्या त्या मोठ्या टीव्हीवर बाबा आले, कोट घातलेले, केस काळे, हातात रुमाल. (त्यांचं घर माझ्या पुढच्या खोलीला लागून. मध्ये फक्त एक भिंत. ओल्या धानाच्या छतापर्यंतच्या थरातून लहरी जात नाहीत, हे मला नंतर दुकानदाराने सांगितलं. मी म्हटलं, भाई, आधी सांगायचं. तो म्हणाला, आपने तो कहा बीच में कुछ नहीं है.)

बँड थांबला. कॅमेरावाला म्हणाला, गुरुजी, दोन शब्द बोला. बाबांनी त्याला हाताने बाजूला केलं, शेजारी उभ्या असलेल्या काकांच्या खांद्यावर हात टाकला आणि अगदी स्पष्ट म्हणाले:

“बिसेन, पोरगा चांगला आहे माहा. पन कोनावर भरोसा म्हून ठेवत नाई गा. आपल्या सावलीलेबी नाव-गाव इचारते. मी नसलो कधी, त लक्ष ठेवजो त्याच्यावर.”

“ठेवतो ना, गुरुजी,” पडद्यावरचे, पंधरा वर्षांनी तरुण काका म्हणाले.

खोलीत आधी मावशी हसली, मग सगळेच. आई तर पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेवटी तोच पदर डोळ्यांना लावावा लागला. पुन्हा लाव, ती म्हणाली. ते वाक्य त्या दुपारी आम्ही सात वेळा ऐकलं आणि सातही वेळा चौदा पाहुण्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कट्टे पुन्हा छपरीत गेले. मधले चार कट्टे आतून गरम लागत होते. काकांनी ते उपसून उन्हात पसरले, किती ओल उरलीय हे बघायला एक दाणा दाताखाली धरला आणि उरलेली मूठ परत धानात टाकली. आता मी जवळ उभा असल्यामुळे मला ते नीट दिसलं. चार वाजता आईने दोन कप चहा पलीकडे पाठवला, एक काकांचा आणि एक माझा.

पण एक गोष्ट मला इथे नोंदवलीच पाहिजे. बिसेनकाका आपल्यावर लक्ष ठेवून आहेत, असं मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. घरात एकाचाही विश्वास बसत नव्हता. शेवटी बाबांनाच साक्ष द्यायला यावं लागलं.