न आरवणारा कोंबडा

कोंबडा सासूबाईंनी आणला. टोपलीत घालून, वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधून. सेलूकडच्या आमच्या गावाहून त्या मोटारीनं वर्ध्याला आल्या, टोपली सगळा वेळ मांडीवर होती, आणि आत काही जिवंत आहे हे शेजारी बसलेल्या बाईलाही कळलं नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. त्यांना त्याचं कौतुक होतं. मला मात्र ते तेव्हाच बरं वाटलं नाही. खेड्यात वाढलेली मी; कोंबडा एवढा वेळ टोपलीत गप्प बसत नाही हे मला माहीत होतं.

आम्ही तेव्हा वर्ध्यात नवे होतो. माझे मालक कापसाच्या जिनात कामाला होते. जिनाच्या मागे एका धान्याच्या व्यापाऱ्यानं मजुरांसाठी आठ खोल्यांची ओळ बांधली होती, तिच्यातली शेवटची खोली आमची. त्याचं घर ओळीच्या दुसऱ्या टोकाला लागून होतं. खोली देताना त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या: विहिरीवर आमची पाळी सगळ्यांच्या शेवटी, आणि कोंबड्या-बकऱ्या पाळायच्या नाहीत, पहाटे त्याची पूजा असते. दोन्ही गोष्टींना आम्ही हो म्हटलं होतं.

हा कोंबडा साधा नव्हता, नवसाचा होता. माझी दोन मुलं जन्मून आठवड्याच्या आत गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी मातामाय देवीला बोलून ठेवलं की पोर वर्षाची झाली की कोंबडा देईन, आणि त्याच दिवशी एक तांबूस पिल्लू वेगळं काढून ठेवलं. पण मुलीचं वर्ष भरायच्या आधीच छप्पन सालचा दसरा आला. गावातली आमची सगळी माणसं नागपूरला गेली, आम्हीही गेलो, दीक्षा घेतली. परत आल्यावर घरातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. ते गाठोडं सासूबाईंनी स्वतः डोक्यावर नेलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. देव गेले, कोंबडा राहिला. गावातल्या काही लोकांचा त्याच्यावर डोळा होता, तुम्ही नाही देत तर आम्ही देतो म्हणत होते. म्हणून त्या त्याला घेऊन आमच्याकडे राहायला आल्या.

"द्याचा नाई, इकाचा नाई, खाचा नाई," त्या म्हणाल्या. "राहू दे तुमच्यापाशी."

माझ्या मालकांना ते पटलं. जीव मारायचा नाही हे त्यांनी मनापासून घेतलं होतं. घरमालकाचं काय, म्हणून मी विचारलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी चहाचं एक रिकामं खोकं आणलं आणि आडवं ठेवलं. जिनातल्या चौकीदारानं त्यांना सांगितलं होतं की कोंबडा मान ताणल्याशिवाय आरवू शकत नाही. छत खाली असलं की त्याचा आवाजच फुटत नाही. मग रोज दिवे लागले की मी त्याला खोक्यात घालायची आणि ऊन चढल्यावर मागच्या बाजूला सोडायची. तिथं आम्ही पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, कूड घातलं होतं. दोन-तीन महिने कोणाला पत्ता लागला नाही. फक्त शेजारच्या खोलीतल्या बाईला माहीत होतं. तिची पाच वर्षांची पोर कुडाच्या फटीतून त्याला ज्वारीचे दाणे टाकायची.

एकदा मुलीच्या दाताच्या रडारडीत खोक्याचं दार लावायचं राहून गेलं. उजाडताना जाग आली आणि मी घाबरून मागे धावले. कोंबडा कुडाच्या खुंटावर उभा होता. त्यानं मान वर केली, पंख झाडले, चोच उघडली. गळ्याची पिसं फुगली. आवाज आला नाही. थोडं थांबून त्यानं पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा. मी तिथंच उभी राहिले. सबंध वस्तीतले कोंबडे आरवत होते, आणि हा त्यांच्यासारखंच सगळं करत होता, पण नुसतं तोंड उघडून.

मालकांना सांगितलं तर ते हसले. बरंच झालं म्हणाले, खोक्याची कटकट गेली. गळ्यात काहीतरी गाठ असेल. सासूबाई हसल्या नाहीत. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "तो कधीच नाई आरवला. पिल्लाचा कोंबडा झाला तवापासून. गावात म्या कोनाले सांगतलं नाई."

मातामायनंच त्याचा आवाज धरून ठेवलाय, असं गाव म्हणालं असतं.

थंडी सरता सरता घरमालकाला कळलंच. तो मागच्या बाजूनं आला आणि कुडापाशी उभा राहिला. आता खोली खाली करायला सांगणार, असं मला वाटलं. त्याऐवजी त्यानं कोंबड्याला निरखून पाहिलं आणि मलाच विचारलं की हा ओरडत का नाही. मी म्हटलं, माहीत नाही. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सरळपणे सगळं सांगून टाकलं, नवसापासून नदीपर्यंत. त्यांना खोटं बोलता येत नसे. तो ऐकून गेला. त्या दिवसापासून दुकानात जाता-येता तो आमच्या दाराकडे बघायचा. आठवड्याभरात ओळीतल्या सगळ्यांना ठाऊक झालं.

फाल्गुनात बाजाराकडच्या गल्लीत देवी निघाल्या. आमच्याकडे त्याला माताच म्हणत. आधी एक मूल, मग एका घरात तीन. दारादारांवर कडुनिंबाचे डहाळे लागले. होळीच्या सुमारास आमच्या ओळीतल्या पहिल्या खोलीत ताप आला, आणि तेव्हापासून विहिरीवरचं बोलणं बदललं. मी गेले की बायका आपापली भांडी उचलून बाजूला व्हायच्या. आमच्या तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं. तेच जड जायचं. भांडणाला उत्तर देता येतं.

एका सकाळी घरमालक दोन माणसं घेऊन आला आणि दारापासून चार हात दूर उभा राहिला. मालक कामावर निघाले होते, ते थांबले. घरमालकाचा आवाज शांत होता. "तुमचा धरम तुमच्यापाशी," तो म्हणाला. "त्याच्यावर आमचं काही म्हणणं नाही. पण जे कबूल केलं ते ज्याचं त्याला देऊन टाका. सगळ्यांच्या घरात लेकरं आहेत."

मालकांनी सांगितलं की ते आता आमच्याकडून होणार नाही. घरमालकानं मान हलवली आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत दुसरी खोली बघायला सांगितलं. बरोबरची दोन माणसं मात्र जाताना वळून मागे कुडाकडे बघत गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या पोरीला ताप चढला.

दोन दिवसांनी नगरपालिकेचा देवी टोचणारा आला. ओळीतली दारं एकामागून एक बंद झाली. टोचून घेतलं तर माता आणखी कोपेल, असं लोकांचं म्हणणं होतं. मालकांनी अर्ध्या दिवसाचा खाडा केला, मुलीला उचललं आणि त्याच्यासमोर बसले. मुलीचा दंड सासूबाईंनी धरला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, पण दंड सोडला नाही. टोचणाऱ्यानं सांगितलं होतं की आठ-दहा दिवसांनी ताप येईल, फोड येईल, घाबरायचं नाही. मी ते ऐकलं होतं. तरीही आठव्या दिवशी मुलीचं अंग तव्यासारखं तापलं आणि तिनं दूध तोंडाला लावू दिलं नाही, तेव्हा मला त्यातलं एक अक्षरही आठवलं नाही. शेजारची पोर दोनच दिवसांपूर्वी गेली होती. भिंतीपलीकडून तिच्या आईचं रडणं आम्ही ऐकलं होतं, आणि मग ते थांबलेलंही ऐकलं होतं.

दुपारची वेळ होती. मालक जिनात. सासूबाई मुलीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होत्या. मी मागे गेले, कोंबडा उचलला, पदराखाली घेतला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. सासूबाईंनी बघितलं. त्यांनी पट्टी पुन्हा पाण्यात बुडवली.

मातामायचं ठाणं रेल्वेच्या रुळांपलीकडे, एका कडुनिंबाखाली होतं. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कोंबडा माझ्या हातावर गरम लागत होता, त्याच्या काळजाचे ठोके माझ्या मनगटाला कळत होते, पण तो धडपडला नाही. ओळीतली एक बाई समोरून आली. तिनं माझ्या पदराकडे पाहिलं आणि मला वाट दिली. त्या गावात आम्हाला कोणी वाट देत नव्हतं. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला भीती वाटली. तरी पाय चालत राहिले. नागपूरला हात जोडून म्हटलेलं सगळं मला पाठ होतं, ते मी मनात म्हणून बघत होते, आणि पाय चालत होते.

ठाण्यापाशी सहा-सात माणसं होती. जमीन ओली होती, पिसं चिकटलेली होती. कापणारा माणूस पाटावर बसून सुरी पाण्यात बुचकळत होता. माझ्या पुढे दोघं जण होते. मी उभी राहिले. तेवढ्यात बाजूला झाडाच्या बुंध्याशी टेकून बसलेली बाई मला दिसली. ती माझी शेजारीण होती. तिच्या हातात काही नव्हतं, ती कशासाठी आली होती कोण जाणे. घरी बसवत नसेल.

तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, मुलीला ताप आहे का. मी हो म्हटलं.

"म्या देल्ला होता," ती म्हणाली. "तिले ताप आला त्याच दिशी. मंग फोड आले, तवा आनखी एक देल्ला." ती जमिनीकडे बघत होती. तिनं पुन्हा सांगितलं, "दोन देल्ले म्या."

परत जा, असं ती म्हणाली नाही. देऊ नको, असंही म्हणाली नाही. मी तिच्याजवळ बसले. पुढच्या दोघांचं झालं आणि कापणाऱ्यानं माझ्याकडे पाहून हात पुढे केला. मी उठले आणि वळले. मागून कोणीतरी काहीतरी म्हणालं, पण कोणी अडवलं नाही.

घरी आले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर बाजूला करून कोंबडा माझ्या हातातून घेतला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू देऊन आली असती तरी म्या तुले काई म्हटलं नसतं," त्या म्हणाल्या. "पन नवस म्या बोलली होती आन् तठी नागपुरले शबदही म्याच देल्ला. जे काई होईन ते माह्यावर. तू त्याले सांगजो नको."

त्याले म्हणजे त्यांच्या मुलाला. मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दंडावरचा फोड भरून आला होता. अंगावर दुसरा एकही नव्हता. मुलगी उठून बसली आणि तिनं भाताची पेज मागून घेतली. मी आणि सासूबाई एकमेकींकडे न बघता कामाला लागलो. बाहेर मात्र काही संपलं नव्हतं. ओळीत आणखी दोन मुलं पडली होती, आणि आमची उठून बसल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी मुलीचा दंड दाखवायला दवाखान्यात गेले. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. परत आले तर कूड एका बाजूनं मोडलेलं होतं आणि खोकं उपडं पडलं होतं. एक पीस सांडलेलं नव्हतं. संध्याकाळी रुळांपलीकडून डफ ऐकू आला. मालक घरमालकाकडे विचारायला गेले. त्याला काही माहीत नव्हतं. सगळ्या दारांवर विचारून आले. कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी विहिरीवर गेले तेव्हा बायका बाजूला झाल्या आणि मला सगळ्यांच्या आधी पाणी भरू दिलं. एकीनं माझी घागर उचलून कमरेवर ठेवली. मी भरलं पाणी. कोंबडा गेला याचं दुःख झालं असं मी म्हणू शकत नाही. ओझं उतरल्यासारखं झालं होतं, आणि त्याची लाज मला कितीतरी वर्षं पुरली.

त्यानंतर ओळीतली ती दोन्ही मुलं गेली. आता कोणाकडे बोट दाखवायचं हे कोणाला सुचेना, आणि विहिरीवर पुन्हा सगळं शांत झालं. घरमालकानं निरोप पाठवला की खोली सोडायची गरज नाही. मालकांनी तरीही सोडली. अक्षय्यतृतीयेच्या आधी बोरगावच्या बाजूला एक कुडाचं घर मिळालं, जिनापासून लांब होतं, पण शेजार आमच्याच माणसांचा होता.

सामान बैलबंडीत भरत होतो तेव्हा शेजारीण आली. हंडा उचलून द्यायला म्हणून वाकली आणि हळूच मला सांगितलं की कूड मोडलं त्या दिवशी ती मागच्या दारातच बसली होती, दोघं जण आले होते, तिनं त्यांना पाहिलं होतं. कोण, ते ती बोलली नाही. "त्याईनं पाय धरून नेला," ती म्हणाली. "तो वरडलाच नाई, बाई. नाईतर म्या उठली असती." मी तिच्या हातून हंडा घेतला आणि बंडीत ठेवला.

पुढे तीन-चार वर्षांनी ती एकदा बोरगावला आली. कडेवर मूल होतं, मुलगीच. मी चहा टाकला. बसल्या बसल्या तिनं मुलीच्या झबल्याची बाही वर केली आणि दंडावरची खूण मला दाखवली. टोचणारा या खेपेला आला तेव्हा ओळीतून सगळ्यांत आधी आपण बाहेर आलो, असं तिनं सांगितलं. सासूबाईंनी त्या मुलीला मांडीवर घेतलं आणि ती जाईपर्यंत खाली ठेवलं नाही.