जयवंतीबाईंच्या नव्या फोनसाठी अ‍ॅप

मित्रहो, चिंचणीहून आमच्या वसाहतीत मासळी आणणाऱ्या जयवंतीबाईंनी आज सकाळी नवा फोन दाखवून विचारले, यात काय काय घ्यावे? मी शब्दकोश, बातम्या आणि नकाशा ही अ‍ॅप्स सकारण सुचवली.

"मास्तर, मना वाचता नाय येत. टोपली घेऊन तीन जिने चढते, तं वर दाराला कुलूप! गुडघे गेले माझे."

माझ्या युक्तिवादाचे गृहीतकच चुकले होते. मग आवाजी निरोपाचे एकच अ‍ॅप घेतले आणि त्यात नावांच्या जागी गिऱ्हाइकांचे फोटो लावून दिले.

संध्याकाळी जिन्याखालून त्यांचा पहिला निरोप आला, "बोंबील ताजा हाय, येऊ का वर?"

सवयीने मी 'अवश्य यावे' असे टंकले. लगेच खालून हाक आली, "मास्तर, लिवता कशाला? तोंडानं बोला ना!"

दुरुस्ती मान्य. अ‍ॅप सुचवण्यापूर्वी आपण समोरच्याला काय विचारता?