गाडीला पुढं एकच सीट

नवीन पिकअप घ्यायचं ठरलं तेव्हा घरात पहिलं वाक्य निघालं ते असं, "म्याडमला संगं न्या, तिला कागदं वाचायला येत्यात." म्याडम म्हणजे मी. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं तर सांगते आणि न विचारलं तरी सांगते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मला म्याडम म्हणतो तेव्हा त्यात निम्मी थट्टा असते आणि निम्मा तोरा. तोरा त्याचा स्वतःचा. बहिणीला शिकवलं ते त्यानं.

दादाचं काम भाजीचं. कागलच्या आमच्या बाजूला जी शेतं आहेत, तिथली भाजी पहाटे गोळा करायची आणि कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवायची. वहिनी त्याच गाडीतून जायची. तिचा माल वेगळा. दोन-तीन क्रेट निवडून काढलेली वांगी, मेथी, कोथिंबीर ती शहरातल्या बाजारात स्वतः बसून विकते. तिथली बसायची जागा आधी माझ्या आईची होती. आईचे गुडघे गेल्यावर ती वहिनीकडं आली. ही जागा कागदावर कुणाच्या नावची नसते. रोज जो बसतो त्याची ती. आठवडाभर पोतं अंथरलं नाही की शेजारीण आपल्या पाट्या हळूच सरकवते, आणि मग भांडून काही उपयोग नसतो.

जुन्या गाडीला पुढं लांब सीट होती, ड्रायव्हर धरून तिघांची. तिथं कोण बसायचं याचा नियम कुणी सांगितलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. इस्त्रीची कापडं ज्याच्या अंगावर, तो पुढं. कोर्टाच्या तारखेला निघालेले थोरले चुलते आण्णा, शाळेचे गुरुजी, फाट्यावर हात केलेला कुठलाही पावणा. मी कॉलेजला जायला लागले तशी मीही पुढं गेले. "शिकती हाय, पुस्तकं भिजतील," असं आईच म्हणाली होती. नोकरी लागल्यावरही तसंच चाललं. कागलच्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम बघते, दादा मला वाटेत उतरवायचा. मी शिकले म्हणून पुढं बसले, यात मला लाजण्यासारखं काही वाटत नाही.

वहिनी मागं बसायची. हौद्यात, क्रेटच्या मधे, पोत्यावर, डोक्यावरनं पदर घट्ट ओढून. मी दादाची बहीण, मी त्याला लागून मधे बसले तरी कुणी काही बोलत नसे. पण बायकोनं नवऱ्याला खेटून गावातनं जायचं, आणि पलीकडं परका माणूस, हे बरं दिसत नव्हतं. पुढं कुणी नसलं तरी ती मागंच चढायची. फाट्यावर कुणीतरी भेटणारच, मग उतरा आणि परत चढा, त्यापेक्षा पहिल्यापासनं मागं बरं, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी हायवेच्या पुलाखाली दादानं जोरात ब्रेक मारला आणि टोमॅटोचे क्रेट सरकून तिच्या गुडघ्यावर आले. हाड मोडलं नाही, पण गुडघा पहिल्यासारखा झाला नाही. फाळक्यावरनं, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवरनं, आत चढायचं तर कुणाला तरी हात द्यावा लागायचा. पहाटेच्या थंडीत तर वर चढेपर्यंत तिच्या तोंडून हूं की चूं निघायचं नाही, आणि चढल्यावर ती गुडघा चोळत राहायची.

"बास कर की आता बाजार," दादा तिला म्हणायचा. "घरात बस निवांत."

"घरात बसून काय करू? भिंती मोजू?" ती म्हणायची. आमच्याकडं बायकाही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात, तशी ती पुढं म्हणायची, "मी बाजारला जातो म्हणून मला कोण तरी वळखतंय. घरात मला म्हशीबी वळखत न्हाईत."

म्हणजे गोष्ट सरळ होती. जुन्या गाडीसारखंच नव्या गाडीत चाललं, तर वहिनीचा बाजार सुटणार होता. दादालाही ते कळत होतं, पण त्याला वाटत होतं, सुटला तर सुटला, तिच्याच जिवाला बरं.

शोरूमला आम्ही रविवारी दुपारी गेलो, बाजार आटोपून परत येताना. वॉचमननं आमची गाडी बाहेर रस्त्याकडेला लावायला सांगितली. मी आणि दादा पुढच्या दारातनं उतरलो. वहिनी मागनं उतरली, क्रेटला हात धरत, आणि पदराला चिकटलेली मेथीची पानं झटकत आमच्या मागनं आत आली. आत एसी लावलेला होता. ती सोफ्याच्या कडेला टेकली.

सेल्समन चाळिशीतला, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड.

"सर, आपला लोड कसला असतो?"

"भाजी. कदी सिमेंट. कदी वऱ्हाड."

"वऱ्हाड चालत नाही सर. गुड्स व्हेईकल आहे."

"चालत न्हाय ते ठावं हाय. पर जातंय."

मग एकेक पर्याय निघाला. हौदा आखूड का लांब. किती टनाचा. डिझेल का सीएनजी. पॉवर स्टेअरिंग हवं का. दादानं स्टेअरिंगला लगेच हो म्हटलं, आयुष्यभर रेड्याची शिंगं वळवल्यासारखं वळवत आलोय म्हणाला. एसीचं नाव काढल्यावर तो हसला. "भाजी मागं उन्हात आणि मी फुडं गारव्यात? लोक काय म्हनतील?" रंग पांढराच पाहिजे होता, कारण जोतिबाला पहिल्या फेरीला गुलाल उधळला की पांढऱ्यावर उठून दिसतो. सेल्समन निळा किती सुंदर आहे ते सांगत राहिला. दादा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पांढरा लिवा."

हौद्याच्या लांबीवर मात्र बराच वेळ गेला. सेल्समन किलोत बोलत होता आणि दादाला क्रेटमध्ये उत्तर पाहिजे होतं. मी माहितीपत्रकातली मापं घेतली, आमच्या क्रेटचं माप दादाला विचारलं, आणि मोबाईलवर हिशेब करून दोन्ही हौद्यांत किती थर बसतील ते सांगितलं. सेल्समन म्हणाला, "मॅडम, तुम्ही याच लाईनमध्ये आहात का?" मी म्हटलं, "न्हाय. मी बी.कॉम. हाय." दादानं सोफ्याकडं बघितलं, वहिनीनं ऐकलं का म्हणून. लांब हौदा ठरला. माल जास्त जाईल, आणि दुसऱ्यांचाही घेता येईल.

मग आम्हाला गाडी दाखवायला बाहेरच्या शेडमध्ये नेलं. दादा ड्रायव्हरच्या जागी चढला. सेल्समननं माझ्यासाठी पलीकडचं दार उघडलं. मी बसले. सीट जुन्यासारखीच लांब होती, ड्रायव्हर सोडून दोघांना पुरेल अशी. सेल्समन सांगत होता की वरच्या मॉडेलला हीच सीट येते, ड्रायव्हर अधिक दोन, खालच्या मॉडेलला नुसती एकाची. दादा मान हलवत होता. त्याच्या डोक्यात दोनाचीच होती, पावण्यांची सोय.

आरशात मला वहिनी दिसली. ती आमच्याकडं आलीच नव्हती. ती सरळ गाडीच्या मागं गेली होती आणि फाळक्यावर हात ठेवून उभी होती. जुन्या गाडीचा फाळका तिच्या छातीखाली यायचा. ह्याचा खांद्याला लागत होता. तिनं एक पाय उचलून टायरजवळ कुठं टेकतो का बघितलं, आणि परत खाली ठेवला.

"मॅडम, मागं नको, पुढं या, सीट बघा," सेल्समन म्हणाला.

"मी मागं बसतो," वहिनी म्हणाली. "हे लई उंच हाय. पाय कुटं द्यायचा?"

दादा खाली उतरला. फाळका बघितला, वहिनीचा गुडघा बघितला, आणि खरोखर मनापासून म्हणाला, "पायरी वेल्डिंग करून घिऊ. दोन पायऱ्या. धरायला पाइप. आत रबरी मॅट टाकू, उश्या टाकू. राणीवाणी बसशील."

तो चेष्टा करत नव्हता. ते म्हणताना तो हातानं हवेत पायऱ्यांची जागाही दाखवत होता.

मी पुढच्या सीटवरनंच म्हटलं, "दादा, गाडीला दार हाय की."

"दार हाय ते मला ठावं हाय. पावणं कुटं बसवायचं?"

सेल्समनला वाटलं प्रश्न जागेचा आहे. त्यानं लगेच डबल केबिनच्या गाडीचा फोटो पुढं केला. पुढं दोन, मागं तीन, सगळे आत, आणि त्याच्या मागं छोटासा हौदा. वहिनीनं फोटो हातात घेऊन नीट बघितला.

"हौदा हाय का सुपली?" ती म्हणाली. "निम्मा माल घरी ठिवून मी गादीवर बसू? आणि बाजारात काय इकू, गादी?"

दादा हसला. सेल्समनही हसला. वहिनी हसली नाही. तिनं फोटो परत दिला आणि पुढच्या दाराशी आली. मी उतरले. ती चढली नाही, नुसती वाकून आत बघत राहिली. लांब सीटवर हात फिरवला. मग सेल्समनला विचारलं,

"ती एकाची सीट म्हणालासा, ती कशी असती?"

"ती खालच्या मॉडेलला, मॅडम. फक्त एक माणूस. मधे गिअरचा डब्बा. पण आपण लांब हौदा घेताय, त्यात वरचं मॉडेल..."

"लांब हौद्याला ती एकाची येतीया का न्हाय?"

"येते. म्हणजे ऑर्डर द्यावी लागेल, थांबावं लागेल. पण कुणी घेत नाही. लोक सीट वाढवायला येतात, मॅडम, कमी करायला नाही."

"आमाला कमी पायजे," वहिनी म्हणाली.

दादाला कळलं नाही. मलाही पहिल्यांदा कळलं नाही. मग ती दादाकडं न बघता, गाडीच्या दाराकडं बघत बोलायला लागली.

"दोनाची सीट असली तर फाट्यावर आण्णा हात करनार. तुमी थांबनार. आण्णा चढनार, आणि मी तुमच्या आन् त्यांच्या मदी बसनार व्हय? मग मी उतरनार. मागं जानार. आण्णांनी कदी म्हनलं न्हाय, 'सुनबाई, तू उतर.' तुमीबी म्हनत न्हाईसा. मीच उतरतो. दोनाची असली की मला उतरावंच लागतंय. एकाची असली आणि मी बसलेला असलो, तर जागाच न्हाय. मग कुनाला वाईट म्हनायचं?"

 सेल्समन मोबाईल बघायला लागला.

"आन् म्याडम?" दादानं विचारलं. "ती कामाला कशी जानार?"

वहिनी माझ्याकडं वळली. तिनं माफी मागितली नाही आणि विनंतीही केली नाही. "वन्सं, तुमास्नी येष्टी हाय. पास मिळतोय. माजी वांगी येष्टीत घेत न्हाईत."

"मी येष्टीनं जातो," मी म्हटलं. त्या क्षणी मला फार उदार वगैरे वाटलं नाही. सकाळची एसटी भरून येते आणि कागलपर्यंत उभं राहावं लागतं, हे मला माहीत होतं.

दादानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. त्याला पायऱ्यांचं सुचलं होतं ते त्याला अजून चांगलंच वाटत होतं. "लोक म्हनतील, बायकोला फुडं घिऊन हिंडतोय," तो हळू म्हणाला, पण ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हनू देत. गुडगा माजा हाय," वहिनी म्हणाली. "न्हायतर पायऱ्या नका करू, काय नका करू. मी उद्यापास्नं बाजारला येत न्हाय. तुमीच बसा पोत्यावर, मेथी इकत."

ती हे रागानं म्हणाली नाही. भाव सांगावा तसं म्हणाली, एकदाच.

दादा बराच वेळ लांब हौद्याकडं बघत उभा राहिला. मग सेल्समनला म्हणाला, "पावणं, एकाचीच लिवा." आणि स्वतःची अब्रू राखायला म्हणून भर घातली, "आन् स्प्रिंगचे पाटे जादा टाका मागं. लोड जास्त असतोय आमचा."

"पाटे बाहेरून टाकले तर वॉरंटी जाते, सर."

"मग तुमी टाका आतनं."

गाडी यायला वेळ लागला. आली तेव्हा जोतिबाला नेली, गुलाल झाला, नारळ झाला. त्या दिवशी सगळी भावकी मागं हौद्यात उभी होती आणि पुढं आई बसली होती, त्यामुळं काहीच सिद्ध झालं नाही.

खरं काय ते सोमवारी पहाटे झालं. मी एसटीसाठी फाट्यावर उभी होते. शेजारी आण्णा, पांढऱ्या कपड्यात, काखेत फाइल, तारखेला निघालेले. गाडीचे दिवे दिसले तसे ते रस्त्यावर एक पाऊल पुढं झाले आणि त्यांनी हात केला. दादानं ब्रेक मारला. आण्णा दाराशी गेले आणि सवयीनं त्यांनी कडी ओढली.

आत वहिनी बसली होती. मांडीवर तराजू. तिनं पदर सारखा केला, "आण्णा, बरं हाय का?" म्हणाली, आणि बसूनच राहिली.

आण्णा दार धरून उभे राहिले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या पलीकडं दादाकडं. दादानं स्टेअरिंगवर नजर ठेवली आणि म्हणाला, "एकच सीट आलीया आण्णा. कंपनीनंच तशी दिलीया."

"व्हय का?" आण्णा म्हणाले. त्यांनी दार लावलं, नीट, हलकेच. मागं हौद्याकडं एकदा नजर टाकली, आपल्या कपड्यांकडं टाकली, आणि परत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. गाडी गेली. मागचा फाळका लहान होत हायवेच्या वळणाला लागला.

"तू बी हितंच?" आण्णांनी मला विचारलं. "तू तर शिकलेली. तुलाबी जागा न्हाय?"

"न्हाय, आण्णा."

त्यांनी फाइल दुसऱ्या काखेत घेतली. लांबून एसटीचा आवाज यायला लागला होता, आणि ती भरलेली असणार हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

"दोनाची मिळत न्हवती व्हय?" ते म्हणाले.

"मिळत होती," मी म्हटलं.