नसरीनआपांनी ऐकलेला रहाट

नसरीनआपांना मी प्रथम पाहिले ते वाचनालयाच्या फरशीवर बसलेल्या असताना. साहाय्यक ग्रंथपाल म्हणून मी त्या सकाळी रुजू होत होते आणि आपा किशोर विभागाचे कपाट उपसत होत्या. थोरांची चरित्रे, संस्कारकथा, यशाचे मार्ग दाखवणारी पुस्तके एका बाजूला रचली जात होती. मला वाटले, वाळवी लागली असावी. आपा म्हणाल्या, "ही आईबापांना आवडणारी पुस्तकं आहेत. त्यांच्या कपाटात ठेव."

आज आपा वयाची साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. कोणते पुस्तक हवे, असे त्या मुलांना अजूनही विचारत नाहीत. जेवायला हाक मारली तरी उठावेसे वाटले नाही, असे शेवटचे काय होते, ते विचारतात. बिडकीनहून शिकायला आलेल्या एका मुलीने सांगितले, शेजाऱ्यांचे भांडण. आपांनी तिला कोर्टातल्या खटल्यांच्या गोष्टी दिल्या. ती पुढे वकील झाली असे लिहिले तर लेख शोभून दिसेल. पण ती ब्यूटी पार्लर चालवते आणि अजून पुस्तके नेते. दुष्काळाच्या वर्षांत जायकवाडी धरणाचा साठा तळाला गेला, नळाला आठवडा आठवडा पाणी येईना, आणि मुली टँकरच्या रांगेत अडकू लागल्या. तेव्हा आपा कापडी पिशवीत पुस्तके घेऊन रांगेत जात आणि हंड्यांच्या मधे उभ्या राहून ती बदलून देत.

पण मला इथे सांगायचे आहे ते माझ्या घरातले.

त्याच सुमारास आम्ही जालना रस्त्याला, करमाडच्या अलीकडे, एका नव्या इमारतीत राहायला गेलो. शहर तिकडे पसरत चालले होते, पण पाणी नव्हते, म्हणून निम्मे फ्लॅट रिकामे होते. माझी मुलगी मुक्ता तेव्हा नववीत होती. सकाळची शाळा संपली की दुपारी ती घरात एकटी असे. थोड्याच दिवसांत ती सांगू लागली की भर दुपारी तिच्या खोलीत विहिरीचा रहाट वाजतो. चाक कुरकुरते, दोर सरसरत खाली जातो, आणि बादली पाण्याला लागणार तेवढ्यात आवाज थांबतो.

माझ्या यजमानांनी प्लंबर आणला. तो म्हणाला, कोरड्या पाइपात हवा खेळते. डॉक्टरांनी अभ्यासाचा ताण सांगितला. मीही तिला समजावले की असे काही नसते. मुक्ताने मग सांगणेच बंद केले. जेवण कमी झाले, वाचन सुटले. मी धीर देणारी चांगली चांगली पुस्तके नेऊन दिली, ती उशाशी तशीच पडून राहिली. पुस्तकात तोंड खुपसून बसणारी माझी मुलगी भिंतीकडे पाहत बसू लागली, तेव्हा मी मनातून हादरले आणि आपांना सगळे सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय बंद होताच त्या माझ्यासोबत घरी आल्या आणि मुक्ताच्या शेजारी पलंगावर बसल्या. मी दारात उभी होते. वीज गेलेली, पंखा बंद, बाहेर ऊन रखरखत होते. आवाज कुठून येतो, एवढेच आपांनी विचारले; मुक्ता म्हणाली, ऐका म्हणजे कळेल. मग एकाच क्षणी दोघींच्या माना वळल्या, खिडकीखालच्या कोपऱ्याकडे. मला काहीही ऐकू आले नव्हते. दोघी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून पाहत राहिल्या आणि दोघींनी एकदमच श्वास सोडला.

"थांबला," आपा म्हणाल्या.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मुक्ता मात्र आपांच्या खांद्यावर डोके टेकवून मोकळेपणाने रडली.

आपांनी तिला स्वतःचे सांगितले. पैठणजवळचे त्यांचे गाव त्यांच्या लहानपणी धरणाच्या पाण्यात गेले. नव्या वस्तीत आल्यावर वर्षभर त्यांना बुडालेल्या गावातली पिठाची गिरणी ऐकू येत असे, रोज, तिच्या ठरलेल्या वेळी. त्यांच्या अम्मी म्हणत, आज आपल्याला दळण नाही, राहू दे.

निघताना आपांनी वॉचमनबाबांना विचारले की इमारतीआधी इथे काय होते. बाबा तिथलेच, पूर्वी शेजारची जमीन कसणारे. ते म्हणाले, "इथं हीर होती, मॅडम. लई पाणी होतं. प्लॉटिंग झालं तवा मुरूम टाकून बुजवली."

मी आपांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. शेवटी विचारले, "आपा, खरंच ऐकू आलं, की तिच्यासाठी म्हणालात?"

त्या थांबल्या. "वैशाली, मला न आवडलेलं पुस्तक छान आहे असं मी कुठल्या मुलाला कधी सांगितलं का? मग हे खोटं कशाला सांगू?"

संध्याकाळी त्यांनी माझ्या हाती एक भूतकथांचा संग्रह ठेवला. आधीच घाबरलेल्या मुलीला हे कसे द्यायचे, असे मी म्हणाले. तिला सध्या जे कळते आहे तेच त्यात आहे, एवढेच त्या म्हणाल्या. मुक्ताने ते पुस्तक त्याच खोलीत, त्याच पलंगावर वाचले. रात्री जेवायला तीनदा हाक मारावी लागली. आठवड्याने ती स्वतः वाचनालयात आली आणि यापेक्षा भयंकर काही आहे का, असे आपांना विचारू लागली. आपांनी होते नव्हते ते सगळे काढून दिले. रहाटाचे पुढे काय झाले, हे त्या दोघींनाच ठाऊक. माझ्या लेकीचे जेवण, झोप आणि हसणे मात्र परत आले.

मुक्ता आता पुण्यात नोकरी करते. आपांच्या या गौरवग्रंथासाठी काय लिहू, असे मी तिला फोनवर विचारले. ती म्हणाली, "एवढंच लिही की तेव्हा सगळ्यांनी मला समजावलं, आपांनी मला विचारलं की आवाज कुठून येतो."

आपांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे. त्यांची नजर स्वच्छ राहो, कान असेच तिखट राहोत, गुडघ्यांनी वाचनालयाचा जिना कुरकुर न करता चढू द्यावा आणि त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य मिळो. शहर अजून वाढते आहे, रोज नवी मुले नव्या घरांत राहायला येत आहेत. घरी सांगता न येणारे काही त्यांच्यापाशी असेल, तर ते ऐकायला टेबलापलीकडे आपा असाव्यात.